पुस्तकाचा शेजार

मागितलेलं पुस्तक काढून देणं एवढंच ग्रंथालयाचं काम असतं, तर वर्गीकरणाची गरजच पडली नसती. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला दाखल क्रमांक मिळतो. त्याच क्रमाने पुस्तकं लावत जायची, नवं पुस्तक नेहमी शेवटी. संगणकावर नाव टाकायचं, क्रमांक बघायचा, जाऊन पुस्तक उचलायचं. मोठ्या संशोधन ग्रंथालयांच्या साठवणीच्या इमारतींत आजही साधारण असंच चालतं. तिथे पुस्तकं विषयाने लावत नाहीत, उंचीने लावतात, म्हणजे दोन फळ्यांमधली जागा फुकट जात नाही. बारकोड वाचला की कुठलं पुस्तक कुठल्या खोक्यात आहे ते कळतं. आणि पुस्तक सापडतंही, चटकन सापडतं.

तरी आम्ही वर्गीकरणाच्या टेबलावर एकेका पुस्तकाशी झटत बसतो. आपल्याला काय हवंय ते नावानिशी सांगू शकणारे वाचक थोडे असतात. बहुतेक जण ‘या विषयावर काहीतरी द्या’ म्हणून येतात. त्यांना जे पुस्तक खरं उपयोगी पडणार आहे, त्याचं नावच त्यांनी ऐकलेलं नसतं. न ऐकलेलं नाव संगणकात टाकणार कसं? अशा वाचकासाठी एकच उपाय आहे. ज्या पुस्तकाचं नाव त्याला माहीत आहे, त्याच्या शेजारी हे दुसरं पुस्तक आधीपासून उभं असायला हवं. पुस्तकाला वर्गांक, म्हणजे विषयाचा क्रमांक, देताना आम्ही त्याचे शेजारी ठरवत असतो, आणि माझ्या कामातला मला सगळ्यांत जवळचा वाटणारा भाग हाच आहे.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते.

मध्यंतरी चहावरचं एक जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर आलं. वेष्टनावर हिरव्यागार मळ्याचा फोटो, नावातही चहा. पण वेष्टन बघून वर्गांक द्यायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. शीर्षकपृष्ठ, त्याची मागची बाजू, अनुक्रमणिका, प्रस्तावना, शेवटची सूची, असं वाचत जायचं. तेवढ्यानेही उमगलं नाही तर मधली प्रकरणं चाळायची. या पुस्तकात लागवडीवर एक प्रकरण होतं, निर्यातीवर एक, चहा पिण्याच्या रिवाजांवर एक. बाकी सगळं पुस्तक मळ्यांत पानं खुडणाऱ्या बायकांच्या मजुरीबद्दल, त्यांच्या राहण्याच्या जागांबद्दल आणि ठेकेदारांशी होणाऱ्या करारांबद्दल.

आता ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयांना आकडे देणाऱ्या आमच्या पद्धतीत, चहाला जागा किती, ते बघा. ६०० म्हणजे तंत्रज्ञान. त्यात ६३० शेती. ६३३ म्हणजे शेतात घेतली जाणारी पिकं. ६३३.७ मध्ये अल्कलॉइड असणारी पिकं येतात आणि तिथे ६३३.७१ तंबाखू, ६३३.७२ चहा, ६३३.७३ कॉफी असे ओळीने उभे असतात. लागवडीचं पुस्तक असतं तर ते इथे गेलं असतं, एका बाजूला तंबाखू आणि दुसऱ्या बाजूला कॉफी. चहाच्या उत्पादनाचं अर्थशास्त्र असतं तर ३३८.१७३७२. पिण्याचा पदार्थ म्हणून चहाची माहिती असती तर ६४१.३३७२. कारखान्यातल्या प्रक्रियेबद्दल असतं तर ६६३.९४. आणि मळ्यांवरच्या कामगारांबद्दल असेल तर ३३१.७६३३७२.

या आकड्यांकडे जरा निरखून बघा. प्रक्रियेचा आकडा सोडला तर प्रत्येकाच्या शेवटी ७२ आहे. हा योगायोग नाही. पिकांच्या यादीत चहाला एकदा ७२ मिळाला, की तोच आकडा अर्थशास्त्रात, कामगारांच्या प्रश्नात, आहारात नेऊन जोडायचा अशी सोय तक्त्यांतच केलेली आहे. ७३ जोडला की सगळीकडे कॉफी. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी किती तरी वेळ तक्त्यांची पानं मागेपुढे करत हेच शोधत बसले होते. नुसती आकड्यांची रांग वाटणाऱ्या गोष्टीत आतून व्याकरण आहे, हे कळण्याचा आनंद मोठा असतो.

तर ते पुस्तक गेलं ३३१.७६३३७२ ला. आता त्याच्या आजूबाजूला इतर उद्योगांतल्या कामगारांवरची पुस्तकं आहेत. शेतमजुरांच्या वेतनावर अभ्यास करणारी एखादी विद्यार्थिनी त्या फळीपाशी येईल, चहाचा विचार तिच्या मनातही नसेल, आणि हे पुस्तक तिच्या हाती लागेल. लागवड शिकणाऱ्याच्या वाटेत मात्र ते येणार नाही. मला त्याचं वाईट वाटतं. पण पुस्तक एक, प्रत एक, म्हणून जागाही एकच. लागवडीच्या एका प्रकरणासाठी उरलेलं सगळं पुस्तक चुकीच्या वाचकांत नेऊन ठेवणं बरोबर नाही.

ड्यूईची पद्धत ज्ञानशाखेप्रमाणे विभागते. वस्तू एक असली तरी तिच्याकडे कुठल्या शाखेतून पाहिलंय त्यावर जागा ठरते. त्यामुळे एकाच वस्तूबद्दलची पुस्तकं इमारतभर विखुरतात. देवघेवीच्या टेबलावर एक आजी आल्या होत्या, ‘पक्ष्यांचं पुस्तक हवंय’ म्हणाल्या. पक्षी ५९८ मध्ये, प्राणिशास्त्रात. पण दोन वाक्यं बोलल्यावर कळलं की घरातला पोपट खात नव्हता. त्यांना हवं होतं ते ६३६.६८ ला, पाळीव पक्ष्यांच्या निगेच्या पुस्तकांत. दोन्हींच्या मध्ये कित्येक रॅक. वाचकाशी आधी दोन वाक्यं बोलायची पद्धत आमच्या व्यवसायात याचसाठी आहे. शाखा कुठली ते वाचक सांगत नाही, आणि त्याने ती सांगावी अशी अपेक्षाही धरू नये.

विखुरलेलं पुन्हा गोळा करण्याचं काम तालिकेचं, म्हणजे ग्रंथालयातल्या सगळ्या पुस्तकांच्या सूचीचं. पुस्तकाला जागा एकच मिळते, पण तालिकेत नोंदी हव्या तितक्या करता येतात. कार्डांच्या काळी एका पुस्तकाची लेखकाच्या नावाने एक, शीर्षकाने एक आणि विषयांची दोन-तीन अशी कार्डं टंकली जायची. प्रत्येक कार्डावर कोपऱ्यात तोच बोधांक, म्हणजे पुस्तकाची जागा सांगणारा क्रमांक. कार्डांच्या तळाशी भोक असायचं आणि त्यातून खणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सळई जायची, म्हणजे कार्ड उपसून कुणी नेऊ नये. आता कार्डं गेली. कित्येक दशकं ग्रंथालयांना छापील कार्डं पुरवणाऱ्या ओसीएलसी या संस्थेने शेवटची कार्डं २०१५ च्या ऑक्टोबरात छापली. पण कार्डामागचा विचार तसाच आहे. चार्ल्स कटर या अमेरिकन ग्रंथपालांनी १८७६ साली तालिकेची उद्दिष्टं लिहून ठेवली. लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकी काहीही एक माहीत असलेल्या माणसाला पुस्तक सापडावं, एका लेखकाचं किंवा एका विषयावरचं ग्रंथालयात काय काय आहे ते दिसावं, आणि निवड करायला मदत व्हावी. संगणकावरच्या तालिकेकडूनही आपण आज हेच मागतो.

यात नावांचा प्रश्न मोठा नाजूक आहे. आपल्या वि. वा. शिरवाडकरांचंच घ्या. कविता कुसुमाग्रज या नावाने, नाटकं आणि कादंबऱ्या शिरवाडकर या नावाने. शिवाय ड्यूईत मराठी साहित्य ८९१.४६ ला असलं तरी पुढे वाङ्मयप्रकारानुसार वाटणी होते. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी ८९१.४६३. म्हणजे एकच माणूस दोन नावांनी तीन जागी उभा. कुणी तरी बसून ‘कुसुमाग्रज’च्या नोंदीत ‘शिरवाडकर, विष्णु वामन हेही पाहा’ असं लिहिलेलं असतं, म्हणून ते तिन्ही ठिकाणचे एकत्र येतात. लुईस कॅरल या नावाने मुलांसाठी लिहिणारे आणि डॉजसन या नावाने गणितावर लिहिणारे गृहस्थ एकच, हेही तालिका असंच सांभाळून ठेवते. ही नोंद कुणाच्या नजरेत भरत नाही. ती नसली तर मात्र एका नावाने शोधणाऱ्याला अर्धाच लेखक भेटतो, आणि दुसरा अर्धा आहे हे त्याला कळतही नाही.

पूर्वी बोधांक म्हणजे विषय नसायचा, फर्निचर असायचं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सर रॉबर्ट कॉटन यांचा हस्तलिखितांचा मोठा संग्रह होता. त्यांच्या कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे ठेवलेले होते आणि हस्तलिखिताची ओळख त्यावरूनच. ‘व्हिटेलियस ए १५’ म्हणजे व्हिटेलियसच्या पुतळ्याखालचं कपाट, ए ही फळी, त्यावरचं पंधरावं हस्तलिखित. जुन्या इंग्रजीतल्या ‘बेओवुल्फ’ या काव्याची जगातली एकमेव हस्तलिखित प्रत यातच आहे. तो संग्रह आता ब्रिटिश लायब्ररीत आहे, कपाटं गेली, पुतळे गेले, १७३१ च्या आगीत त्या हस्तलिखिताच्या कडाही जळाल्या, पण बोधांक तोच राहिला.

अशा पद्धतीत नवं पुस्तक मध्ये घुसवायचं कुठे? फळी भरली की भरली. पंधराव्या आणि सोळाव्याच्या मध्ये काही घालायचं तर पुढच्या सगळ्यांचे क्रमांक बदला, आणि तालिकेतही बदला. मेल्विल ड्यूई या पंचविशीही न ओलांडलेल्या तरुणाने ॲम्हर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करताना हा गुंता सोडवला. १८७६ साली, स्वतःचं नाव न छापता, ४४ पानांची पुस्तिका काढली. क्रमांक फळीला द्यायचा नाही, पुस्तकातल्या विषयाला द्यायचा. आणि क्रमांक दशांशात असल्यामुळे ६३३.७ आणि ६३३.८ यांच्या मध्ये वाटेल तितकी पुस्तकं सामावतात. रॅक हलवा, इमारत बदला, पुस्तकांचा एकमेकांशी असलेला क्रम कायम. हे आज इतकं सवयीचं झालंय की त्यामागे कुणी तरी डोकं चालवलं असेल असं वाटतही नाही.

तरी ड्यूईच्या पद्धतीत प्रत्येक विषयासाठी तक्त्यात आधीच खण करून ठेवावा लागतो. जो विषय अजून जन्मालाच आलेला नाही, त्याचा खण कसा करणार? या प्रश्नाला माझ्या मते सगळ्यांत सुंदर उत्तर रंगनाथनांनी दिलं. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. मोजक्याच पट्ट्या, चाकं, नटबोल्ट, आणि त्यांतून कधी गाडी होते, कधी क्रेन. विषयही असेच सुट्या भागांतून जोडता आले तर? १९३३ साली त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झालं. त्यात तयार विषयांची लांबलचक यादी नाही, विषयाचे पैलू आहेत. पुढे त्यांनी व्यक्तिमत्त्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल असे पाच मूलभूत पैलू ठरवले.

ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात सगळ्यांना शिकवतात ते उदाहरण असं. १९५० च्या दशकात भारतात, फुप्फुसांच्या क्षयरोगावर क्ष-किरणांनी करायच्या उपचारांबाबत झालेलं संशोधन. आधी शास्त्र ठरवायचं, वैद्यक. मग अवयव, फुप्फुस. मग रोग, क्षय. मग त्याचं काय केलं, उपचार. कशाने, क्ष-किरणांनी. त्याचं संशोधन. कुठे, भारतात. केव्हा, १९५० च्या दशकात. एकेक सुटा अंक घ्यायचा आणि स्वल्पविराम, अर्धविराम, द्विबिंदू, टिंब अशा चिन्हांनी जोडायचा. उद्या फुप्फुसाऐवजी दुसरा अवयव आला तर तेवढाच एक तुकडा बदलतो. कुणी आधी न कल्पिलेला विषयसुद्धा जागा मागत आला, तर त्याची जागा तिथल्या तिथे तयार होते.

हे वर्गांक लांबतात, पुस्तकाच्या बारीक कण्यावर मावत नाहीत, लेबल लावणाऱ्याला त्रास होतो, हे सगळं खरं. जगातल्या बहुतेक ग्रंथालयांनी ड्यूई किंवा लायब्ररी ऑफ काँग्रेसचीच पद्धत ठेवली. पण पैलूंचा विचार मात्र सगळीकडे पोचला. ऑनलाइन दुकानात डावीकडे रंग, माप, किंमत, कंपनी असे पर्याय निवडत आपण यादी लहान करत जातो, तेव्हा वापरतो ती हीच कल्पना. तिची इतकी शिस्तशीर मांडणी रंगनाथनांनी ग्रंथालयासाठी त्या काळात केली, याचा मला फार अभिमान वाटतो.

शेजाराबद्दल त्यांनीच एक गोष्ट सांगून ठेवलीय, गणिती माणसाच्या पद्धतीने. फळीसमोर उभ्या असलेल्या वाचकाला मधोमध आपल्या विषयाची पुस्तकं दिसावीत. त्यांच्या दोन्ही अंगांना थोड्या लांबच्या, पण नात्यातल्या विषयांची. आणि दोन्ही टोकांना परकी. ग्रहणात मध्ये गडद प्रच्छाया असते आणि तिच्याभोवती फिकट उपच्छाया, तेच शब्द त्यांनी इथे वापरले. वर्गीकरण चांगलं की वाईट, हे मी याच कसोटीवर तपासते. फळीवर डावीकडून उजवीकडे नजर फिरवताना विषय हळूहळू सरकला पाहिजे. मध्येच उडी पडली, की त्या जागचा एखादा वर्गांक काढून बघते.

हॅम्बर्गच्या आबी वारबुर्ग या कलेतिहासकाराने तर सगळं ग्रंथालयच या एका तत्त्वावर उभं केलं. ‘चांगल्या शेजाऱ्याचा नियम’ असं तो म्हणायचा. आपण शोधायला येतो ते पुस्तक आपल्या गरजेचं असेलच असं नाही, त्याच्या शेजारचं अनोळखी पुस्तकच बऱ्याचदा गरजेचं निघतं. विचार बदलला की तो पुस्तकांच्या जागा बदलायचा. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये तो संग्रह जहाजाने लंडनला हलवला गेला आणि तिथे आजही चार मजल्यांवर चार कल्पनांप्रमाणे मांडलेला आहे: प्रतिमा, शब्द, दिशाबोध आणि कृती. इतक्या सतत जागा बदलणं सार्वजनिक ग्रंथालयाला परवडणार नाही. पण तिथल्या फळ्यांपुढे एकदा तरी उभं राहायला मिळावं, अशी माझी फार इच्छा आहे.

शेजार ठरवण्यात ताकद असते आणि ती ताकद अन्यायही करते. ड्यूईच्या २०० या धर्माच्या वर्गात २२० पासून २८० पर्यंतची सगळी जागा बायबल आणि ख्रिस्ती धर्माला. उरलेल्या जगाचे धर्म २९० च्या आत दाटीने. बौद्ध धर्म २९४.३, हिंदू धर्म २९४.५, ज्यू धर्म २९६, इस्लाम २९७. नुसते आकडे वाटतात, पण त्याचा अर्थ असा की एका धर्माच्या बारीकसारीक पंथाला तीन आकड्यांत मोकळी जागा मिळते आणि दुसऱ्या धर्मातल्या तेवढ्याच बारीक गोष्टीसाठी दशांशचिन्हानंतर लांबलचक शेपूट लावावं लागतं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फळ्यांवर जे होतं, त्याच्या मापाने जगाला जागा वाटली गेली.

याहून वाईट गोष्ट डोरोथी पोर्टर यांनी अनुभवली. १९३० पासून त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय लेखकांच्या आणि त्यांच्याविषयीच्या ग्रंथांचा संग्रह सांभाळत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की इतर ग्रंथालयांत अशा पुस्तकांना दोनच वर्गांक मिळतात, ३२६ म्हणजे गुलामगिरी किंवा ३२५ म्हणजे वसाहती. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्यासारख्या नामांकित कवीचा संग्रहसुद्धा ३२५ मध्ये. कवितेचं पुस्तक, पण कवितेच्या फळीवर नाही! लिहिणारा कोण आहे एवढंच पाहून त्याला बाजूला काढलं. पोर्टरबाईंनी ते मान्य केलं नाही. त्यांनी आपल्या संग्रहातली पुस्तकं ज्या त्या विषयात, ज्या त्या वाङ्मयप्रकारात घातली. हे वाचल्यापासून वर्गांक लिहिताना मी स्वतःला विचारते, की हे पुस्तक कशाबद्दल आहे ते मी पाहतेय, की लिहिणारं माणूस कोण आहे ते? स्त्रीने लिहिलेलं अर्थशास्त्र हे अर्थशास्त्रच असतं. ते ‘स्त्रियांविषयी’ या फळीवर गेलं तर अर्थशास्त्र वाचणाऱ्याला ते कधीच भेटणार नाही.

ड्यूई माणूस म्हणून कसा होता, तेही आता लपून राहिलेलं नाही. त्याचा वंशद्वेष, ज्यूद्वेष आणि स्त्रियांशी त्याचं गैरवर्तन यांमुळे २०१९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने आपल्या पदकावरून त्याचं नाव काढलं. पद्धत मात्र आम्ही रोज वापरतो, आणि वापरताना तिच्यातल्या वाकड्या जागा ओळखून राहणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. तक्त्यांच्या नव्या आवृत्त्या निघतात, चुका थोड्या थोड्या दुरुस्त होतात. फळीवरची हजारो लेबलं बदलायला मात्र माणसं लागतात, म्हणून दुरुस्ती छापून झाली तरी फळीवर यायला वेळ लागतो.

एवढं सगळं करून पुस्तकाच्या कण्यावर लेबल लागतं. वर वर्गांक, खाली ग्रंथांक, बहुधा लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं. आता ते फळीवर नीट लागायला हवं. नव्याने कामाला आलेली मुलं ६४१.५ हे ६४१.३३७२ च्या आधी लावतात. तेहतीसशे बाहत्तर हे पाचापेक्षा मोठं वाटतं ना! पण टिंबानंतर एकेक आकडा वाचायचा. तीन, मग तीन, मग सात. पहिलाच तीन हा पाचाच्या आधी येतो, तिथेच निकाल लागला. म्हणून ६४१.३३७२ आधी, ६४१.५ नंतर. हे एकदा बोटाने आकडे झाकून दाखवलं की मुलं विसरत नाहीत. दुसरं शिकवावं लागतं ते वाचायच्या दिशेचं. एका रॅकमधली वरची फळी डावीकडून उजवीकडे, मग त्याच रॅकमधली खालची, अगदी तळापर्यंत, आणि मग शेजारचा रॅक. वरची ओळ धरून सगळ्या भिंतीभर चालत जायचं नाही. फळी कधी गच्च भरायची नाही हेही त्यातच आलं. ‘ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे’ हे रंगनाथनांचं पाचवं सूत्र आम्ही पाठ करतो, पण फळीच्या उजव्या टोकाला मोकळी ठेवलेली जागा बघितली की ते जास्त कळतं.

चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हे हरवलेल्या पुस्तकाहून वाईट. हरवलेल्याची निदान नोंद होते, दुसरी प्रत मागवता येते. चुकीच्या जागी असलेलं पुस्तक तालिकेत ‘उपलब्ध’ दिसत राहतं. साठा तपासणीच्या वेळी ग्रहताऱ्यांवरचं ५२३ चं एक पुस्तक आम्हाला ५३२ ला, द्रवांच्या यांत्रिकीत सापडलं. दोन आकड्यांची अदलाबदल. तोवर ते पुस्तक मागणाऱ्या प्रत्येकाला ‘आहे, पण सापडत नाही’ हे उत्तर मिळालं होतं. म्हणून तर आम्ही फळ्या वाचतो. पुस्तकं नाही, फळ्या. रोज थोड्या, लेबलामागून लेबल, ओळीने. बाहेरून बघणाऱ्याला हे काम कंटाळवाणं वाटतं. मला ते आवडतं, कारण तेवढ्यात न पाहिलेली पुस्तकं दिसतात, आणि दोन शेजाऱ्यांमध्ये एखादा विषय किती रिकामा आहे तेही कळतं. पुढच्या खरेदीच्या यादीतली कित्येक नावं मला अशी सुचली आहेत.

तुम्ही वाचक असाल तर दोन गोष्टी सांगते. हवं ते पुस्तक फळीवर सापडलं की लगेच वळू नका. त्याच्या डावीकडची आणि उजवीकडची काही पुस्तकं काढून अनुक्रमणिका बघा. उंच आकाराची पुस्तकं, संदर्भग्रंथ, नकाशे वेगळ्या रॅकवर असतात, तिथे त्याच वर्गांकाला काय आहे तेही विचारा, कारण तो शेजार जागेच्या सोयीसाठी आम्हीच तोडलेला असतो.

आणि चाळून झालेलं पुस्तक तुम्ही स्वतः परत फळीवर लावू नका. मदत म्हणूनही नाही. टेबलावर ठेवा. एक तर ते बरोबर जागी जाईल. शिवाय दिवसाच्या शेवटी टेबलांवरच्या पुस्तकांचे बारकोड आम्ही वाचून घेतो, म्हणजे घरी न नेता इथेच बसून वाचलेल्या पुस्तकाचीही नोंद होते. जागा कमी पडली की निर्लेखनाची, म्हणजे संग्रहातून काढायच्या पुस्तकांची, यादी करताना आधी बघतात ते पुस्तक कधी वापरलं गेलं तेच. तुम्ही टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाच्या नावापुढे त्या दिवसाची तारीख पडते आणि ते त्या यादीतून वगळलं जातं.